वेशांतर, वनवास आणि विवाह : एलिझाबेथकालीन प्रणय-सुखात्मिका

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्या कारकिर्दीत (१५५८ ते १६०३) रंगभूमीवर बहरलेला एक लोकप्रिय नाट्यप्रकार म्हणजे प्रणय-सुखात्मिका. प्रेमिकांची भेट, त्यांच्या मार्गातील अडथळे, त्यातून उद्भवणारा गोंधळ आणि अखेरीस विवाह, असा तिचा ढाचा ठरलेला असे. प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक असे. उत्सुकता असे ती त्या शेवटापर्यंतच्या प्रवासाची.

उगम

१५७६ मध्ये जेम्स बर्बेज याने लंडनच्या वेशीबाहेर शोरडिच येथे 'द थिएटर' हे नाट्यगृह उभारले. कायमस्वरूपी नाट्यगृहे आली तशी नव्या नाटकांची मागणीही वाढली. त्या काळच्या शाळांतून प्लॉटस व टेरेन्स या रोमन नाटककारांचे लॅटिन पाठ शिकविले जात. कडक बाप, प्रेमात पडलेला मुलगा, चतुर नोकर आणि चुकलेली ओळख हे साहित्य तेथून मिळाले. त्यात मध्ययुगीन अद्भुतकथा आणि इटालियन कथांमधील प्रणय मिसळला. रोमन सुखात्मिकेत नायिका बहुधा पडद्याआडच राहत असे. इंग्रज नाटककारांनी तिला कथेच्या केंद्रस्थानी आणले.

जॉन लिली याने दरबारासाठी लिहिलेल्या नाटकांतून या प्रकाराला नजाकतदार गद्य दिले. १५९२ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या 'गॅलाथिया'त मुलांच्या वेशातील दोन मुली परस्परांच्याच प्रेमात पडतात. रॉबर्ट ग्रीन याने 'फ्रायर बेकन अँड फ्रायर बंगे' या नाटकात जादूविद्येची कथा आणि खेड्यातील मुलीची प्रेमकथा एकत्र गुंफली. या पायावर शेक्सपिअरने कळस चढविला. राजे आणि विदूषक यांना एकाच रंगमंचावर आणण्याच्या या रीतीवर कवी फिलिप सिडनी याने कठोर टीका केली होती. प्रेक्षकांना मात्र नेमकी तीच रुचली.

संकेत

पहिला संकेत स्थलांतराचा. दरबार वा नगर सोडून पात्रे रानात जातात. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधील अथेन्सजवळचे वन किंवा 'ॲज यू लाइक इट'मधील आर्डनचे अरण्य येथे नगराचे कायदे चालत नाहीत. नॉर्थ्रॉप फ्राय या समीक्षकाने या अवकाशाला 'हरित विश्व' म्हटले. तेथे मने बदलतात आणि बदललेली माणसे नगरात परततात.

दुसरा संकेत वेशांतराचा. त्या काळी इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका किशोरवयीन मुलगे करीत. तेथे स्त्रिया अभिनेत्री म्हणून आल्या त्या १६६० नंतर. बालगंधर्वांची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी रसिकाला यात नवल वाटणार नाही. परंतु इंग्रज नाटककारांनी या गरजेतूनच एक खेळ निर्माण केला. 'ॲज यू लाइक इट'मधील रोझालिंड म्हणजे मुलीची भूमिका करणारा मुलगा. ती मुलगी पुरुषवेश घेते आणि त्या वेशात पुन्हा रोझालिंड असल्याचे नाटक करून आपल्याच प्रियकराला प्रेमाचे धडे देते.

याखेरीज समांतर उपकथानके, गाणी आणि विदूषक हे ठरलेले घटक असत. शेक्सपिअरच्या मंडळीतून १५९९ मध्ये विल केंप गेला आणि रॉबर्ट आर्मिन आला. त्यानंतर गावरान विनोदवीराची जागा गाणाऱ्या, मर्मभेदी बोलणाऱ्या विदूषकाने घेतली. 'ट्वेल्फ्थ नाइट'मधील फेस्टे हा त्याचा नमुना होय.

आशय

या नाटकांच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न असे : विवाहाचा निर्णय कोणाचा? तत्कालीन चर्चच्या कायद्यानुसार वधूवरांची परस्पर संमती हा विवाहाचा पाया होता. मालमत्ता असलेल्या घराण्यांत मात्र वडीलधाऱ्यांचा शब्द निर्णायक ठरे. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'च्या आरंभीच हर्मियाचा पिता, मुलगी आपले ऐकत नसेल तर तिला मृत्युदंड द्यावा, अशी मागणी करतो. 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शियाचा वर मृत पित्याने ठरविलेल्या तीन पेट्यांच्या कसोटीवर निवडला जातो. हीच पोर्शिया पुढे वकिलाच्या वेशात न्यायसभेत बाजू मांडते. जे स्वातंत्र्य स्त्रीच्या वेशात अप्राप्य, ते वेशांतराने काही काळ मिळते. आणि विवाहाबरोबर ते बहुधा संपतेही.

सुखान्ताची किंमत

चांगल्या प्रणय-सुखात्मिकेत आनंद सर्वांच्या वाट्याला येत नाही. शायलॉकला धर्मांतराची सक्ती होते, मालव्होलिओ सूडाची भाषा करीत निघून जातो, तर उदासवृत्तीचा जेक्विस विवाहसोहळ्यात न थांबता एकांताची वाट धरतो. 'लव्हज लेबर्स लॉस्ट'मध्ये ऐनवेळी राजाच्या निधनाची वार्ता येते आणि विवाह वर्षभर लांबणीवर पडतात. 'ट्वेल्फ्थ नाइट'च्या अखेरीस व्हायोला पुरुषवेशातच असते. तिचे स्त्रीवेशाचे कपडे ज्या कप्तानाकडे आहेत, तो मालव्होलिओच्याच फिर्यादीवरून अटकेत आहे. म्हणजे सुखान्त पूर्ण व्हायचा तर अपमानित होऊन गेलेल्या माणसाची समजूत काढायला हवी.

१५९८ मध्ये बेन जॉन्सनचे 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर' रंगभूमीवर आले आणि मानवी दोषांवर बोट ठेवणाऱ्या उपहासप्रधान सुखात्मिकेचे युग जवळ आले. लंडनच्या बाजारपेठेतील व्यवहार आणि लबाड्या पुढील नाटकांचे विषय बनले. तरीही वेशांतर, गैरसमज आणि शेवटी जुळणारी जोडी ही त्रयी रंगभूमीवर आणि पुढे चित्रपटांतही टिकून राहिली. हे संकेत सहज उचलता येतात. पण सुखाच्या क्षणी दाराबाहेर राहिलेल्या माणसाची आठवण ठेवणे, हे या नाटकांचे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल.