टॉर जाळ्यातील डोमेन नावांचा शोध

टॉर जाळ्यातील डोमेन नावांचा शोध म्हणजे अनामिकता राखणाऱ्या टॉर या संगणक जाळ्यातून संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता मिळवण्याची प्रक्रिया होय. ही विचारणा जाळ्याबाहेरून झाल्यास, मजकूर कूटबद्ध असूनही वापरकर्ता कोणते संकेतस्थळ पाहत आहे हे उघड होते.

पार्श्वभूमी

डोमेन नाव प्रणालीची, म्हणजेच डीएनएसची, रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तीत गोपनीयतेची तरतूद नव्हती. कूटबद्ध न केलेली विचारणा बहुधा यूडीपी पद्धतीने ५३ क्रमांकाच्या पोर्टकडे जाते आणि आंतरजाल सेवा पुरवठादारास ती वाचता येते.

टॉरचे मूळ अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात झालेल्या संशोधनात आहे. टॉरमधील संदेश सामान्यतः तीन रिलेंमधून जातो. पहिल्या रिलेस वापरकर्त्याचा पत्ता कळतो, तर शेवटच्या म्हणजे निर्गम रिलेस गंतव्य कळते. दोन्ही गोष्टी एकाच रिलेस कळत नाहीत.

डीएनएस गळती

टॉर केवळ टीसीपी जोडण्या वाहून नेते. त्यामुळे योग्य मांडणी न केलेली आज्ञावली नावाची विचारणा थेट सेवा पुरवठादाराकडे पाठवू शकते. यास डीएनएस गळती म्हणतात. सॉक्स ४ या प्रोटोकॉलमध्ये केवळ आयपी पत्ता देता येत असल्याने हा धोका अधिक असतो. सॉक्स ४ए आणि सॉक्स ५ मध्ये नावच टॉरकडे सोपवता येते. टॉर ब्राउझरमध्ये ही व्यवस्था आधीच केलेली असते. पत्रकारास गुप्तपणे माहिती देणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत अशी एक नोंदही तिची ओळख पटवण्यास पुरेशी ठरू शकते.

निर्गम रिलेची भूमिका

टॉरमध्ये जोडणीच्या विनंतीबरोबरच नाव निर्गम रिलेकडे जाते व तेथे त्याचा पत्ता शोधला जातो. त्यामुळे वेगळी फेरी वाचते. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निर्गम रिलेंकडून होणाऱ्या विचारणांपैकी सुमारे ४० टक्के एकट्या गूगलच्या डीएनएस सेवेस दिसत असल्याचे आढळले. जाळ्यात शिरणारी वाहतूकही ज्याला दिसते, त्याला वेळेचा मेळ घालून वापरकर्ता ओळखणे यामुळे सोपे जाते. विशेषतः क्वचित पाहिल्या जाणाऱ्या संकेतस्थळांबाबत हा धोका मोठा आहे. म्हणून निर्गम रिले चालवणाऱ्यांनी मोठ्या सार्वजनिक सेवेऐवजी स्वतःचा डीएनएस सर्व्हर वापरणे इष्ट मानले जाते.

वेग आणि गोपनीयता

मिळालेले उत्तर वापरकर्त्याच्या संगणकावर साठवल्यास पुढील शोध जलद होतो. परंतु दुष्ट हेतूचा निर्गम रिले प्रत्येकास वेगळे उत्तर देऊन नंतर त्यावरून माग काढू शकतो. म्हणून टॉर वापरकर्त्याकडील अशी साठवण सहसा वापरत नाही.

विचारणा सुरक्षित करणाऱ्या इतर पद्धती पुढीलप्रमाणे आहेत:

* नावाचा आवश्यक तेवढाच भाग विचारणे (२०१६)
* टीएलएसवरून डीएनएस, पोर्ट ८५३ (२०१६)
* एचटीटीपीएसवरून डीएनएस (२०१८)
* मध्यस्थामार्फत विचारणा पाठवणारी ऑब्लिव्हियस पद्धत (२०२२)

ओनियन पत्ते

डॉट ओनियन पत्त्यांना डीएनएसची गरज नसते. सध्याचे पत्ते ५६ अक्षरांचे असून ते सेवेच्या सार्वजनिक किल्लीवरून तयार होतात. २०१५ मध्ये डॉट ओनियन हे विशेष वापराचे नाव म्हणून राखून ठेवण्यात आले. हे पत्ते लक्षात ठेवणे मात्र अवघड असते.

मर्यादा

कूटबद्ध विचारणा वाटेतील निरीक्षकापासून लपते; उत्तर देणाऱ्या सर्व्हरला नाव कळतेच. निर्गम रिले खोटा पत्ताही देऊ शकतो. अशा वेळी एचटीटीपीएस प्रमाणपत्राच्या तपासणीतून फसवणूक उघड होते. त्यामुळे ब्राउझरने दिलेला प्रमाणपत्राविषयीचा इशारा डावलणे धोक्याचे ठरते.