प्रश्न कोणी विचारायचा? मुंध्रा प्रकरणापासून सेबीपर्यंत



आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा वाटेल. महामंडळं, सेबी, रिझर्व्ह बँक यांच्यावर संसदेची देखरेख कशी असते, ती कशी घडत गेली, आणि ती कुठे कमी पडते. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण या विषयाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे आणि तो तत्त्वज्ञानाचाही आहे: दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्या माणसाला प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा?

सुरुवात घरापासून करतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. घरात एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात जमिनीचा उतारा, आईचं मंगळसूत्र मोडलं तर त्याची पावती, असलं सगळं असे, आणि एका पाकिटात विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या. विमा कंपनी खाजगी होती, मग ती सरकारी झाली, पण पाकीट तेच राहिलं. १९५८ च्या जानेवारीत मी सात वर्षांचा असेन. वडील शाळेतून आले की शिळं वर्तमानपत्र घेऊन बसत आणि मुंबईतल्या एका चौकशीची बातमी शेवटपर्यंत वाचत. आईनं एकदा विचारलं, एवढं काय आहे त्यात? ते म्हणाले, "आपले पैसे आहेत त्यात. आणि आपल्या वतीनं कोणीतरी विचारलं." हे वाक्य मला फार उशिरा कळलं.

आता बघा, काय घडलं होतं. १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारनं वटहुकूम काढून आयुर्विमा कंपन्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. तेव्हाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्यांनी त्या संध्याकाळी आकाशवाणीवरून देशाला ही गोष्ट सांगितली. पुढे १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं. तोवर देशमुख मंत्रिपदावर नव्हते, मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले.

राष्ट्रीयीकरणामागे एक कारण असं होतं की काही उद्योगपती विमेदारांचा पैसा आपल्याच धंद्यात फिरवत होते. १९५५ च्या डिसेंबरात फिरोज गांधी यांनी लोकसभेत दालमिया समूहाच्या विमा कंपनीचा असा कारभार उघड केला होता. म्हणजे खाजगी मालकाच्या हातून पैसा काढून तो जनतेच्या संस्थेकडे दिला. आता तो सुरक्षित झाला, असं लोकांना वाटलं.

वर्ष पुरतं उलटलं नाही तोच १९५७ च्या जूनमध्ये महामंडळानं हरिदास मुंध्रा या कलकत्त्याच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर घेतले. रक्कम सव्वा कोटी रुपयांच्या आसपास. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. व्यवहार बाजारातून झाला नाही, थेट मुंध्राकडूनच शेअर घेतले. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती. तिला आधी विचारलंच नाही, नंतर कळवलं. पुढे समर्थन असं केलं गेलं की कलकत्त्याचा शेअर बाजार घसरत होता, त्याला आधार द्यायचा होता.

संसदेत सप्टेंबरपासूनच प्रश्न येत होते. रामसुभग सिंह यांनी विचारलं, फिरोज गांधींनी विचारलं. उत्तरं मोघम आली. अखेर १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी लोकसभेत उभे राहिले आणि त्यांनी व्यवहाराची तारीख, भाव, कंपन्यांची स्थिती एकेक करून मांडली.

इथे थोडं थांबू या. हे गृहस्थ विरोधी पक्षाचे नव्हते. रायबरेलीचे काँग्रेसचे खासदार होते, पंतप्रधानांचे जावई होते. सत्ताधारी बाकावरचा माणूस आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्याला विचारतो आहे, हा पैसा तिथे का गेला? आणि सभागृह ऐकतं. सरकारला चौकशी नेमावी लागते.

चौकशी सोपवली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्याकडे. एकच सदस्य. सुनावणी मुंबईत झाली आणि ती उघड झाली. अर्थमंत्री, अर्थखात्याचे मुख्य सचिव एच. एम. पटेल, महामंडळाचे अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर अशा सगळ्यांच्या साक्षी लोकांसमोर झाल्या. गर्दी मावेना, तेव्हा बाहेर ध्वनिक्षेपक लावले. आमच्या गावात पोचत होतं ते यातलंच, दोन दिवस उशिरा, छापून.

कामाचा वेग बघा. जानेवारीत आयोग नेमला, १० फेब्रुवारी १९५८ ला अहवाल तयार. त्याच महिन्यात कृष्णम्माचारी यांचा राजीनामा. अर्थखातं नेहरूंनी स्वतःकडे घेतलं आणि त्या वर्षीचा अर्थसंकल्पही त्यांनीच मांडला.

छागलांच्या अहवालातली एक गोष्ट मी नेहमी विद्यार्थ्यांना सांगत असे, कारण ती निव्वळ तत्त्वाची आहे. आयुर्विमा महामंडळाच्या कायद्यात २१ वं कलम आहे. ते म्हणतं की सार्वजनिक हिताच्या धोरणविषयक बाबींत केंद्र सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकतं, पण ते लेखी असले पाहिजेत. मुंध्रा व्यवहारात लेखी निर्देश कुठे होता? नव्हताच. बोलणं झालं, सूचना झाली, व्यवहार झाला. मंत्र्यांचं म्हणणं, मला नीट माहीत नव्हतं. सचिवांचं म्हणणं, मंत्र्यांना माहीत होतं. महामंडळाच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं, वरून सांगितलं म्हणून केलं. जबाबदारी हातोहात फिरत राहिली. छागलांनी स्पष्ट म्हटलं की सरकारनं स्वायत्त महामंडळाच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, करायचीच असेल तर लेखी आदेश देण्याची जबाबदारी टाळू नये, संसदेला सगळी माहिती लवकरात लवकर द्यावी, आणि हाताखालच्यांनी जे केलं त्याची जबाबदारी मंत्र्यानं घ्यावी.

लेखी, हा शब्द कारकुनी वाटतो. पण विचार करा. तोंडी आदेशाला संसद काय विचारणार? जो कागदच नाही तो पटलावर कसा ठेवायचा? तोंडी आदेशात सत्ता वापरली जाते आणि मागे काही उरत नाही. कांटनं १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात एक कसोटी सांगितली: दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंधित असं जे कृत्य उघड सांगताच फसेल, ते अन्याय्य समजावं. मुंध्रा व्यवहाराला ही कसोटी लावून पाहा. तो आधी जाहीर केला असता तर झालाच नसता.

फिरोज गांधींचं आणखी एक काम इथे जोडून सांगतो, कारण ते विसरलं गेलं आहे. सदस्याला सभागृहात बोलण्याचं संरक्षण असतं, पण ते भाषण छापणाऱ्या वर्तमानपत्राला नव्हतं. अब्रुनुकसानीचा दावा लागू शकत होता. १९५६ साली त्यांच्याच खाजगी विधेयकातून संसदीय कामकाज प्रसिद्ध करण्याला संरक्षण देणारा कायदा झाला. आणीबाणीत तो रद्द झाला. १९७७ साली परत आणावा लागला. माझ्या वडिलांपर्यंत संसद पोचली ती छापील कागदावरून. तो कागद छापणाऱ्याच्या पाठीशीही हा कायदा उभा होता.

बरं, या प्रकरणातून संस्था म्हणून काय उभं राहिलं? सार्वजनिक महामंडळांसाठी संसदेची वेगळी समिती हवी, ही मागणी १९५३ पासूनची. ती १९६४ साली पुरी झाली. सार्वजनिक उपक्रम समिती आली. पण तिला कुंपणं घातली: सरकारच्या मोठ्या धोरणात शिरायचं नाही आणि रोजच्या कारभारात शिरायचं नाही. कुंपण चुकीचं नव्हतं. संसद शेअर विकत घेऊ लागली तर बाजार चालणार नाही. पण मुंध्रा प्रकरण नेमकं कुठे बसतं, धोरणात की रोजच्या कारभारात? सहा कंपन्यांचे शेअर घेणं हा रोजचा कारभार. ते कोणाच्या सांगण्यावरून घेतले, हा धोरणाचा प्रश्न. गैरव्यवहार बहुधा या दोहोंच्या सांध्यात राहतो.

इतिहासाची गंमत अशी की त्याच १९६४ साली युनिट ट्रस्ट सुरू झाला आणि तेव्हा अर्थमंत्री होते पुन्हा कृष्णम्माचारीच. आणि सचिव पटेल? ते नोकरीतून बाहेर पडले, राजकारणात आले आणि १९७७ साली जनता सरकारचे अर्थमंत्री झाले.

आता १९९२ कडे येऊ. सेबी १९८८ पासून होती, पण तिला कायद्याचे दात नव्हते. १९९२ च्या जानेवारीत वटहुकूम निघाला, एप्रिलमध्ये कायदा झाला, आणि त्याच महिन्यात हर्षद मेहता प्रकरण बाहेर आलं. बँकांच्या रोखे व्यवहारातला पैसा शेअर बाजारात गेला होता. संसदेनं संयुक्त समिती नेमली, अध्यक्ष रामनिवास मिर्धा. डिसेंबर १९९३ मध्ये अहवाल आला. त्यात अर्थखात्यावरही ठपका होता. मनमोहन सिंग यांनी राजीनामा देऊ केला, पंतप्रधान नरसिंह राव यांनी तो स्वीकारला नाही.

२००१ साली पुन्हा बाजार कोसळला. केतन पारेख, माधवपुरा सहकारी बँक, आणि जुलैत युनिट ट्रस्टनं यूएस-६४ या आपल्या सर्वांत जुन्या योजनेची खरेदी-विक्रीच थांबवली. किती निवृत्त माणसांचे पैसे त्यात होते, इथे बसलेल्या काहींना आठवत असेल. पुन्हा संयुक्त समिती, अध्यक्ष प्रकाशमणी त्रिपाठी. डिसेंबर २००२ मध्ये तिचा अहवाल आला. त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून सेबीचे अधिकार आणि दंडाची मर्यादा वाढवली.

म्हणजे संसद जागी होते, पण घर जळल्यावर. मधल्या काळात काय? कागदावर व्यवस्था आहे. सेबीचा वार्षिक अहवाल संसदेपुढे येतो. तिचे हिशेब महालेखापाल तपासतात. तिनं केलेले नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर ३० दिवस ठेवावे लागतात. सरकारनं तिला धोरणाचे निर्देश द्यायचे तर ते लेखी, हा आयुर्विम्याच्या २१ व्या कलमाचाच धडा सेबीच्या १६ व्या कलमात उतरला आहे. १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत, त्यांत अर्थविषयक समिती आहे. नोटाबंदीनंतर, जानेवारी २०१७ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल तिच्यापुढे गेले होते.

पण या समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. नियमच तसा आहे. त्याला कारणं आहेत, आणि ती मी उडवून लावणार नाही. दार बंद असलं की खासदार पक्ष विसरून बोलतो. बाजारावर परिणाम करणारी माहिती बाहेर फुटत नाही. चालू तपासाला धक्का लागत नाही. आणि नियामकाला रोज राजकीय माणसांपुढे उभं केलं तर तो भित्रा होईल, हीही भीती खरी आहे. भित्रा नियामक बलवान उद्योगाला हात लावत नाही.

तरी मला वाटतं, आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. आज्ञा देणं वेगळं आणि कारण विचारणं वेगळं. स्वायत्ततेमुळे नियामक आज्ञेतून मोकळा होतो, कारण सांगण्यातून नाही. न्यायाधीशाइतका स्वायत्त कोणी नसतो, पण निकालाची कारणं त्याला लिहावीच लागतात. ब्रिटनमध्ये संसदेची ट्रेझरी समिती बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरला सर्वांसमोर प्रश्न विचारते. त्यानं त्या बँकेची स्वायत्तता गेली नाही. गुप्त ठेवायचं तेवढं जरूर गुप्त ठेवा. पण तपास संपल्यावर, निर्णय झाल्यावर, त्याची कारणं विचारणारी बैठक उघड घ्यायला काय हरकत आहे?

आणि शेवटी माणसाचा प्रश्न उरतोच. १९५७ साली समिती नव्हती, सेबी नव्हती, माहितीचा अधिकार नव्हता. होता एक सदस्य, ज्यानं कागद गोळा केले, आणि ज्याला आपल्या पक्षापेक्षा विमेदार जवळचा वाटला. आज यंत्रणा पुष्कळ आहे. सत्ताधारी बाकावरून असा प्रश्न शेवटचा कधी ऐकला, हे तुम्हीच आठवून पाहा.

वडील गेल्यावर ती ट्रंक उघडली. पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या, एकही हप्ता चुकलेला नव्हता. त्यांनी आपला हिशेब चोख ठेवला होता. समोरच्या बाजूचाही हिशेब कोणीतरी मागतं आहे, या भरवशावर ते पुढचे हप्ते भरत राहिले.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आजच्या विषयाला तेच शोभेल.