तळटीप : निश्तामाल

१४. निश्तामाल : चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर त्यातच ठेवलेला वाळका मका, तोर्तियाचे पीठ यापासूनच वाटतात. या प्रकरणातले ‘केनेडीबाईंचे पुस्तक’ म्हणजे डायना केनेडी यांचे ‘द क्विझिन्स ऑफ मेक्सिको’ (१९७२). किलोभर मक्याला सुमारे १० ग्रॅम खायचा चुना पुरतो. सकाळी दाणा बोटांत चोळला की साल सुटते, आणि वाटलेला गोळा थापताना तुटत नाही. शिवाय मक्यातले नायासिन अंगी लागते. गिरणीतून दळून आणलेल्या साध्या मक्याच्या पिठाला हा गुण येत नाही. बारामती-इंदापुराकडे मका पिकतो तो मुख्यतः मुरघासासाठी आणि पशुखाद्यासाठी. तेव्हा बुरशी नसलेला, स्वच्छ दाणा निवडून घ्यावा. औषध चोळलेले बियाणे कदापि वापरू नये.