कंबरदुखीच्या रकान्यातला माणूस



वऱ्हाडात जुना दाखला काढायचा झाला की आपण कोतवाल बुकाकडे वळतो. जातीच्या पुराव्यासाठी त्या पिवळ्या पानांवर अलीकडे झुंबड उडाली. पण त्यातला मृत्यूच्या कारणाचा रकाना सहसा कोणी वाचत नाही. ताप, पटकी, देवी, हगवण. लिहिणारा काही वैद्य नव्हता. गावाने सांगितले ते त्याने मांडले, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आम्हांला प्रश्न पडतो तो निराळाच. जो मेला नाही, पण वीस वर्षे कमरेत वाकून चालला, त्याची नोंद या बुकात कोठे होती? कोठेच नव्हती.

आणि हे केवळ आपल्या देऊळगाव राजाचे किंवा वऱ्हाडाचे नव्हे. रोगांची मोजदाद जगात सुरू झाली तीच मुळी मेलेल्यांपासून. १६६२ साली लंडनमध्ये जॉन ग्राँट याने शहरातील मृत्यूंच्या याद्या तपासून पुस्तक लिहिले. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता, कापडचोपडाचा व्यापारी होता. (शाळा अर्धवट सोडलेल्या आमच्यासारख्याला हे वाचून थोडा धीर येतो, हे कबूल केले पाहिजे.) पुढे एकोणिसाव्या शतकात विल्यम फार याने तेच काम शास्त्रशुद्ध केले, आणि १८९३ साली पॅरिस शहराचा संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ याने शिकागोच्या परिषदेपुढे सर्व देशांनी वापरावी अशी यादी ठेवली. १९०० साली पॅरिसला तिची पहिली सुधारणा झाली. पण ती यादी मरणाच्याच कारणांची. जिवंत माणसाच्या दुखण्याला तिच्यात खरी जागा मिळाली ती १९४८ साली, जागतिक आरोग्य संघटनेने सहावी सुधारणा हाती घेतली तेव्हा.

योगायोग असा की त्याच १९४८ साली आपल्या देशात कामगार राज्य विमा कायदा झाला. आजारी कामगाराला घरी बसून पगाराचा काही भाग मिळावा, ही मोठीच गोष्ट. पण त्यासाठी दाखला लागतो, आणि दाखल्यावर रोगाचे नाव लागते. म्हणजे कामगाराची भाकरी आता एका शब्दावर येऊन ठेपली.

आता ज्या रोगासाठी आम्ही हे पुराण लावले तो सांगतो. त्याचे नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. कणा आणि कटीचे हाड जेथे जुळतात तेथल्या सांध्यांत दाह सुरू होतो. वर्षानुवर्षे तो टिकला तर तेथे नवे हाड धरते, मणके एकमेकांना चिकटतात, आणि क्ष-किरणाच्या चित्रात कणा वेळूच्या काठीसारखा दिसू लागतो. बर्तियाँची यादी निघाली त्याच दशकात रशियात बेख्तेरेव्ह, जर्मनीत श्ट्र्युम्पेल आणि फ्रान्समध्ये पिएर मारी यांनी त्याची वर्णने केली. बहुधा तो तरुणपणीच धरतो. पण त्याची खरी गंमत, गंमत कसली, क्रूरता, पुढेच आहे. ओझ्याने धरलेली पाठ विश्रांतीने सुटते. ही पाठ विश्रांतीने आखडते आणि हालचालीने मोकळी होते.

आमच्या तालुक्यातला एक तरुण बाहेरगावच्या कारखान्यात लागला होता. पहाटे दुखण्याने जाग यायची, उठायला तास लागायचा, पाळीवर उशीर व्हायचा. अकरा वाजेपर्यंत मात्र तो इतरांच्या बरोबरीने पोती उचलू लागे. मुकादमाने निकाल दिला, ढोंगी. मुकादमाचे सोडा, आम्ही स्वतः युनियनच्या कचेरीत त्याला बसवून सांगितले, “बाबा रे, वेळेवर येत जा, तुझ्यापायी आम्हांला मान खाली घालावी लागते.” तो काही बोलला नाही. मान वळवायची तर त्याला अख्खे अंग वळवावे लागत होते. तेही आम्ही उर्मटपणातच जमा केले.

पुस्तकांतही या रोगाला बरीच वर्षे स्वतःचे घर नव्हते. अमेरिकेत १९६३ पर्यंत त्याला संधिवाताचाच कण्यातला प्रकार समजत. आंतरराष्ट्रीय यादीच्या आठव्या सुधारणेतही तो संधिवाताच्या ७१२ क्रमांकाच्या कुटुंबात पोटभाडेकरू होता. १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांना या रोग्यांपैकी बहुतेकांत एचएलए बी २७ ही आनुवंशिक खूण आढळली, आणि १९७५ च्या नवव्या सुधारणेत त्याला ७२०.० हा वेगळा क्रमांक मिळाला. दहाव्या सुधारणेत तो एम ४५ झाला. साधी पाठदुखी एम ५४, आणि वयोमानाने झिजलेले मणके, म्हणजे स्पाँडिलोसिस, एम ४७. आकडे उलटे पडले की जन्माचा रोग चार दिवसांची पाठदुखी होतो. शिवाय आपल्याकडे मान अवघडली की जो तो “स्पाँडिलायटिस झाला” म्हणतो. त्यामुळे ज्याला खरोखरच तो झाला आहे त्याच्या तोंडून तो शब्द कोणाला जड वाटत नाही.

या शब्दाची किंमत पैशांत सांगता येते. कामगार विमा योजनेत साध्या आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवस आणि मजुरीच्या सत्तर टक्के. दीर्घ रोगांसाठी तो ऐंशी टक्के आणि दोन वर्षांपर्यंत ठेवला गेला. त्या दीर्घ रोगांची चौतीस नावांची यादी झाली. तिच्यात मणक्यातली सरकलेली चकती आहे. हा रोग नाही. यादीबाहेरच्या दुर्मिळ रोगाचा विचार करण्याचा अधिकार महासंचालकांना ठेवला होता, पण अर्ज करायला आधी नाव तर लिहिलेले हवे!

त्या तरुणाला सातव्या वर्षी एका डॉक्टरने विचारले, “झोपून राहिलास की जास्त दुखते का?” एवढा एक प्रश्न. मग कटीच्या सांध्यांचे चित्र काढले गेले आणि कागदावर खरे नाव आले. तो कागद घेऊन आम्ही मालकाच्या कचेरीत गेलो. गैरहजेरीचे जुने दंड परत मागितले. तेव्हा विचारणा झाली, हा रोग सुरू झाल्याचा पुरावा काय? त्याने पिशवीतून सात वर्षांच्या चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. कचेरीतल्या कारकुनाने एकेक उलटून पाहिली. प्रत्येकीवर लिहिले होते, कंबरदुखी, विश्रांती तीन दिवस.