घडीचा चाकू : मुठीची घडण आणि वजन

घडीच्या चाकूचे पाते मुठीतच मिटते. त्यामुळे मुठीवर एकदम तीन कामे येतात. हाताला पकड द्यायची, मिटलेल्या पात्याचे म्यान व्हायचे आणि उघडलेले पाते जोर लावताना डुलू द्यायचे नाही. अखंड चाकूचे म्यान वेगळे असते आणि पाते मुठीच्या पोटात शिरलेले असते, म्हणून तिथे मुठीला एवढी यातायात पडत नाही. पात्याच्या वजनात मात्र फारशी काटकसर जमत नाही. आठ-साडेआठ सेंटिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर जाड पोलादी पाते कोणत्याही कारखान्यात घडवले तरी वजनात थोडाफारच फरक पडतो. तरीही जवळपास तेवढ्याच पात्याचा एक चाकू ५० ग्रॅम भरतो आणि दुसरा २०० ग्रॅम. हा फरक मुठीतून येतो, आणि त्याचा मोठा वाटा बाहेरून दिसतच नाही.

मुठीसाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांच्या घनतेत बरीच तफावत आहे. एका घन सेंटिमीटरमागे पितळ सुमारे ८.५ ग्रॅम भरते, पोलाद ७.८, टायटेनियमचा नेहमीचा मिश्रधातू ४.४ आणि ॲल्युमिनियम २.७. काचेचे कापड इपॉक्सी रेझिनमध्ये दाबून केलेले जी-१० हे १.८ ग्रॅमच्या आसपास असते, कार्बन फायबर १.५ ते १.६. कापडाचे किंवा कागदाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेला मायकार्टा आणि काचतंतू मिसळलेले नायलॉन साधारण १.४, तर बीचचे लाकूड ०.७. विक्रेते वजनाची गोष्ट निघाली की हेच आकडे पुढे करतात. पण केवळ त्यांवरून चाकूचे वजन ताडायला गेले तर हमखास चुकते, कारण बहुतेक मुठी एकाच पदार्थाच्या नसतात. बाहेरून दिसणाऱ्या दोन पट्ट्यांच्या आत पोलादाचे दोन पातळ पत्रे असतात. त्यांना लायनर म्हणतात. पात्याचा खिळा, पाठीची स्प्रिंग आणि लॉक यांचा सगळा भार याच पत्र्यांवर पडतो.

हिशेब करून पाहू. मुठीची एक बाजू २० चौरस सेंटिमीटरची धरली, म्हणजे दहा सेंटिमीटर लांब आणि दोन रुंद. त्यावर ३ मिलिमीटर जाड जी-१०ची पट्टी बसवली तर ती ११ ग्रॅम भरते, दोन्ही बाजू मिळून २२. आतला १.२ मिलिमीटरचा पोलादी लायनर सुमारे १९ ग्रॅमचा, म्हणजे जोडी ३७ ग्रॅमच्या पुढे. आता जी-१० काढून त्याहून कितीतरी महाग कार्बन फायबर लावले तर वजन जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅमने उतरते. तेच लायनरमध्ये भोके पाडून अर्धे पोलाद काढून टाकले, तर पैसा फारसा न वाढता १८ ग्रॅमहून अधिक वाचतात. चांगल्या चाकूची मूठ उघडली की आतल्या पत्र्याला चाळणीसारखी भोके दिसतात, ती याचसाठी. हलका चाकू घेणाऱ्याने मुठीच्या रंगरूपाआधी लायनर पाहावा. तो पूर्ण लांबीचा आहे का, भोकांचा आहे का, की मुळात नाहीच.

लायनर काढून टाकता येतो का, हे मुठीच्या ताठपणावर ठरते. पोलाद, टायटेनियम आणि ॲल्युमिनियम यांचा ताठपणा त्यांच्या घनतेच्या प्रमाणातच कमी-जास्त असतो, त्यामुळे सारख्या जाडीच्या हलक्या पट्टीत जेवढे वजन वाचते तेवढाच ताठपणाही जातो. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, आणि इथे हलक्या पदार्थांचे फावते. १ मिलिमीटर पोलादी पत्र्याइतका ताठपणा ॲल्युमिनियमला १.४ मिलिमीटर जाडीत येतो, आणि वजन निम्मे होते. जी-१०ला त्यासाठी सव्वादोन मिलिमीटर जाडी लागते, काचतंतूच्या नायलॉनला तीनच्या आसपास. वजन याही दोघांचे पोलादाच्या निम्म्यावरच येते. टायटेनियमची बचत मात्र एक तृतीयांशावर थांबते. म्हणून नायलॉनच्या मुठी जाड आणि हाताला भरीव लागतात, तर पोलादी मूठ चपटी राहते. वजन आणि खिशातली जागा यांत इथे थेट देवाणघेवाण चालते.

स्विस सैनिकाच्या चाकूचा इतिहास या विषयातला सर्वांत बोलका दाखला आहे. १८९०च्या नमुन्यात एक पाते, डबा उघडण्याचे हत्यार, स्क्रूड्रायव्हर आणि टोचा एवढीच साधने होती. मूठ लाकडी, लांबी १०० मिलिमीटर, जाडी २०.५ मिलिमीटर आणि वजन १४४ ग्रॅम. श्वीझ प्रांतातल्या इबाख गावचे चाकू-कारागीर कार्ल एल्झनर यांना हे ओझे नको होते. १८९७ साली नोंदवलेल्या अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूत त्यांनी पाठीच्या स्प्रिंगा अशा बसवल्या, की त्याच स्प्रिंगा दोन्ही बाजूंच्या साधनांना पुरतील. साधने वाढली, पोलाद त्या मानाने वाढले नाही. निव्वळ रचनेतून वजन कमी केल्याचे इतके नेटके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. सैनिकाचा चाकूही पुढे उतरत गेला. १९०८च्या नमुन्यात तो १६.५ मिलिमीटर जाड आणि १२५ ग्रॅमचा होता, १९५१मध्ये १३.५ मिलिमीटर आणि ९० ग्रॅमचा. १९६१मध्ये उठावाच्या नक्षीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आला, तेव्हा जाडी १२ मिलिमीटरवर आणि वजन ७२ ग्रॅमवर, म्हणजे मूळच्या बरोबर निम्म्यावर आले. यातही लाकूड ॲल्युमिनियमपेक्षा हलके असते, हे विसरू नये. ॲल्युमिनियमचा फायदा असा, की ते पातळ पत्र्यातही टिकते, आणि मूठ पातळ झाली की खिळे आणि मधले पोलादही आखूड होते. २००८च्या नमुन्याला प्लॅस्टिकची मूठ मिळाली, तरी वजन १३१ ग्रॅमवर चढले. तो १११ मिलिमीटर लांब झाला होता, त्यात करवत आली होती आणि पात्याला लॉक बसले होते.

लॉकच्या प्रकारानेही मुठीच्या पोटातले पोलाद ठरते. पाठलॉकमध्ये मुठीच्या पाठीवर एक पोलादी दांडा जातो आणि चाकू जड होतो. अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी घडवलेल्या लायनरलॉकमध्ये लायनरचाच एक भाग आत वाकून पात्याला अडवतो, म्हणजे आधीच असलेल्या पत्र्याकडून दुसरे काम करून घेतलेले असते. ख्रिस रीव्ह यांनी १९८७च्या सेबेंझा चाकूत आणखी पुढे जाऊन टायटेनियमच्या जाड मुठीलाच लॉक केले. त्यात लायनर नाही, बाहेरची पट्टी नाही. ही रचना मजबुतीत अव्वल आहे, पण टायटेनियमच्या नावावरून लोक ती हलकी समजतात ते बरोबर नाही. वरच्याच हिशेबातल्या मुठीला ३.५ मिलिमीटर जाड टायटेनियम लावले तर दोन्ही बाजू मिळून ६२ ग्रॅम होतात, आणि जी-१० अधिक पोलादी लायनर यांची बेरीज ६० ग्रॅमच्या अलीकडेच थांबते. मोठ्या आकाराचा सेबेंझा १३० ग्रॅमच्या पुढे जातो, तो यामुळे. टायटेनियमची मूठ हलकी करायची तर आतून खोबणी कोरावी लागते, आणि ते काम वेळखाऊ व खर्चाचे आहे.

पितळाचा मार्ग अगदी उलटा. बक कंपनीचा १९६४ साली आलेला ११० क्रमांकाचा शिकारी चाकू पितळी चौकटीत लाकूड बसवलेला आहे आणि त्याचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास भरते. त्याच कंपनीने पुढे याच आकाराची नायलॉनच्या मुठीची आवृत्ती काढली, तेव्हा वजन निम्म्याच्या आसपास आले. मुंबईच्या हिंदी चित्रपटांनी मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा केलेला रामपुरी चाकूही पितळी मुठीमुळेच हातात जड लागतो. पितळ गंजून झिजत नाही, सहज घासता-कापता येते आणि चकाकते. जडपणाची किंमत देऊन कारागीर ते पत्करत आले, ते याच गुणांसाठी.

वजनाच्या दुसऱ्या टोकाला फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातला ओपिनेल आहे. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली घडवलेल्या या चाकूत बीचच्या एकाच तुकड्यात पात्यापुरती खाच पाडलेली असते. लायनर नाही, पाठीची स्प्रिंग नाही. तोंडाशी पोलादी कडे आहे, आणि १९५५पासून पाते उघडे राहावे म्हणून त्यावर फिरणारी दुसरी कडीही बसते. साडेआठ सेंटिमीटर पात्याचा ८ क्रमांकाचा ओपिनेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. आजच्या महागड्या पदार्थांना जे साधायला धडपडावे लागते ते सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी साध्या लाकडात साधले होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. लाकडाची उणीव अशी, की ते पाण्याने फुगते आणि पाते खाचेत घट्ट अडकते. जपानातल्या मिकी गावचा हिगोनोकामी हा दुसरा साधा नमुना. एकच पत्रा पन्हाळीसारखा दुमडला की मूठ तयार. दुमडीमुळेच पत्र्याला ताठपणा येतो, म्हणून तो पातळ असला तरी चालतो.

काचतंतूच्या नायलॉनने लायनर पूर्णपणे काढून टाकायची सोय केली. १९८०च्या सुमारास ब्लॅकी कॉलिन्स यांनी रचलेल्या गर्बर कंपनीच्या एलएसटी चाकूने ही दिशा दाखवली. स्पायडर्को कंपनीचा पॅरा ३ हा चाकू जी-१० आणि पोलादी लायनरमध्ये सुमारे ९६ ग्रॅमचा आहे. नायलॉनच्या मुठीत, जवळपास तेच पाते ठेवून, तो ६८ ग्रॅमचा होतो. बेंचमेड कंपनीच्या २०१७मधल्या बगआउट चाकूत लायनर फक्त लॉकच्या आसपास ठेवले आहेत, आणि ८२ मिलिमीटर पाते असूनही तो ५२ ग्रॅमवर राहतो. मूठ जोरात आवळली तर ती किंचित दबते, हे त्याबदल्यात सोसावे लागते.

हलकेपणाने चाकूचा तोलही बदलतो. साधारण जड मुठीच्या चाकूत गुरुत्वमध्य खिळ्याच्या मागे, तर्जनीखाली येतो आणि बारीक काम करताना हात स्थिर राहतो. मूठ फारच हलकी झाली की तोल पात्याकडे सरकतो. दिवसभर खिशात बाळगायला असा चाकू उत्तम, पण तासभर लाकूड तासायला बसल्यावर रुंद आणि जरा वजनदार मूठच हाताला कमी शिणवते. जोडणीकडेही पाहावे लागते. स्क्रू थेट नायलॉनमध्ये पिळले तर ते काही वेळा काढून-घातल्यावर आटे झिजतात, म्हणून चांगले उत्पादक तिथे पितळाच्या किंवा पोलादाच्या आटेदार नळ्या बसवतात. मुठीच्या पाठीला पूर्ण लांबीची पट्टी घालण्याऐवजी दोन-तीन छोट्या खांबांवर बाजू तोलल्या तर काही ग्रॅम वाचतात, शिवाय आत साचलेला कचरा धुऊन काढता येतो. खिशाला अडकवायची पोलादी क्लिप सहज पाचेक ग्रॅमची असते. ५० ग्रॅमच्या चाकूत तो दहावा भाग झाला.