शकीका आणि मालिखुलिया

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचं ऊन चढलं की डोक्याला ओढणी घट्ट बांधून अंधाऱ्या खोलीत पडलेली बाई आपल्या ओळखीची आहे. मराठीत या दुखण्याला अर्धशिशी म्हणतात, आयुर्वेदात अर्धावभेदक, युनानीत शकीका. मायग्रेन हा शब्दही ग्रीक 'हेमिक्रेनिया'तून, म्हणजे अर्ध्या कवटीतूनच आला.

इब्न सीनाच्या (मृत्यू १०३७) 'अल-कानून'चा तिसरा भाग डोक्याच्या आजारांपासून सुरू होतो. त्यात शकीका आहे आणि थोडं पुढे मालिखुलियाही. आज ज्याला डिप्रेशन म्हणतो त्यातलं बरंच काही या शब्दात मावत असे. बिघडलेले दोष आणि शरीरातून मेंदूकडे चढणारी वाफ, अशी कारणं हकीम दोन्ही आजारांना लावत.

हे वैद्यक आपल्या भागाला परकं नव्हतं. १६०१ मध्ये असीरगड पडला, फारुकी राज्य संपलं आणि अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशचं 'दानदेश' केलं. १६०४ मध्ये दानियालच्या आदिलशाही वधूसोबत फरिश्ता बुऱ्हाणपूरला आला. त्याला आपण इतिहासकार म्हणूनच ओळखतो, पण भारतीय वैद्यक फारसीत मांडणारा 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा ग्रंथही त्याचाच.

वाफेची कल्पना पुढे मागे पडली. दोन आजारांचं नातं मात्र खरं निघालं. अमेरिकेत डेट्रॉइट भागातल्या लोकांवर नाओमी ब्रेस्लाऊ यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये आला. मायग्रेनवाल्यांना पुढे नैराश्याचा धोका जास्त होता आणि नैराश्यवाल्यांना मायग्रेनचा. इतर तीव्र डोकेदुखीत असं दुहेरी नातं दिसलं नाही.

आपल्या घरांत यातलं अर्धंच बोललं जातं. डोकं दुखतंय म्हटलं की बाम मिळतो, चहा मिळतो. कशातच जीव लागत नाही म्हटलं की नजर उतरवतात, नाहीतर ईमान कमजोर झालं म्हणतात. ज्या हकिमांचा आपण अभिमान मिरवतो, त्यांनी मालिखुलियाला आजार मानलं आणि त्यावर औषधं लिहून ठेवली, हे मात्र कुणाला आठवत नाही.

अमिट्रिप्टिलिन ही गोळी १९६१ पासून नैराश्यासाठी वापरात आहे. कमी मात्रेत तीच मायग्रेन टाळायलाही देतात. चिठ्ठीवर ती दिसली की 'ही तर वेड्यांची गोळी' म्हणून बंद करणारे नातेवाईक आहेत. डॉक्टरांनी अर्धशिशीच्या बाईला झोपेबद्दल आणि रडू येतं का, हेही विचारायला हवं. तेवढा वेळ सासूबाई आणि मियाँ बाहेरच्या बाकावर बसले तर ती खरं उत्तर देईल.