गाव मोजतात, माणूस मोजत नाहीत



महाराष्ट्र पुढारलेलं राज्य आहे, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. मुंबई, पुणे, कारखाने, गिरण्या. पण राज्य झाल्यावरची पहिली मोजणी १९६१ ची. तिच्यात शंभरातली बहात्तर माणसं खेड्यात निघाली. २०११ च्या जनगणनेतही निम्म्याहून जास्त, सहा कोटींच्या वर, खेड्यातच. म्हणजे हे राज्य खेड्यांचंच. आता खेड्यांच्या राज्यात राहणं कसं असतं हे कुणाला विचारायचं? पुस्तकं बागाईतदाराला विचारतात. मग काळी आई येते, पाटाचं पाणी येतं, देवळाचा कळस येतो. आपल्याला कुणी विचारलं नाही. न विचारता सांगतो.

मोजणीवाला येतो तेव्हा महारवाडा, मांगवाडा गावातच धरतो. गावाची लोकसंख्या वाढते. पण पाणवठ्यावर, मसणवाट्यात, जत्रेत तोच वाडा गावाबाहेर. आकड्यात आत, वागणुकीत बाहेर. हे कसं चालत आलं ते इतिहासात बघितलं पाहिजे.

आधी वतन. महाराला बावन्न हक्क होते म्हणून अजून काही म्हातारी माणसं छाती फुगवतात. काम काय होतं? वसुलीचा पैसा तालुक्याला पोचवायचा, मयताचा सांगावा न्यायचा, शीव राखायची, मेलेलं ढोर ओढायचं, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं. रात्र नाही, दिवस नाही. वतनदार घरी नसला तर घरातला दुसरा कुणी धरून न्यायचा. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि गावाकडनं बलुतं. मेख इथंच आहे. चाकरी सरकारची आणि भाकरी गावाच्या हातात. सरकारचं काम इमानानं केलं आणि गावाची खप्पा मर्जी झाली तर बलुतं बंद. १८७४ च्या वतन कायद्यानं इंग्रजांनी ही गाठ आणखी आवळली.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात ह्या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. बलुत्याऐवजी रोख पैसा द्या, ज्याला ही चाकरी नको त्याला मोकळा करा, असं त्यांचं मागणं. बिल कमिटीत अडकलं आणि १९२९ मध्ये त्यांना ते मागं घ्यावं लागलं. त्याच वेळी सरकारनं स्टार्ट कमिटी नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद. १९३० च्या तिच्या अहवालात गावकी बहिष्काराचं हत्यार कसं चालवते ते लिहून ठेवलंय. मजुरी बंद, कसायला दिलेली जमीन काढून घ्यायची, वाण्यानं मीठ-मिरची द्यायची नाही, वाट अडवायची. काठी न उचलता माणूस मारता येतो. खून दिसत नाही, म्हणून पंचनामाही नाही.

पुढं देश स्वतंत्र झाला. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब मसुद्यावर बोलायला उभे राहिले. घटनेत खेड्याला जागा नाही म्हणून तक्रार करणारे पुष्कळ होते. बाबासाहेबांनी खेड्याचा बुरखाच फाडला. संकुचितपणा, अज्ञान, जातीयता ह्यांचं ते घर आहे, असं तोंडावर सांगितलं. आणि मसुद्यानं खेडं टाकून व्यक्ती हा घटक धरला ह्याचा आपल्याला आनंद आहे, असंही म्हणाले. ही गोष्ट आपण कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवली पाहिजे. घटनेचा घटक माणूस. एकटा माणूस. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचं मार्गदर्शक तत्त्व मसुद्यात घालायची सूचना आली, बाबासाहेबांनी ती मान्यही केली. ते आज चाळिसावं कलम. पण पाया हलला नाही.

मग भानगड कुठं झाली? घटनेनं माणूस धरला आणि राज्यानं गाव धरलं. कायदा मुंबईत व्हायचा, एस.टी.नं तालुक्याला यायचा आणि गावाच्या वेशीत चावडीवर बसायचा. तिथनं पुढं वाड्यापर्यंत न्यायचा कुणी? ज्याच्याविरुद्ध कायदा त्यानंच!

बघा, १९५८ मध्ये कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला. गुलामी गेली, चांगलं झालं. पण जमीन सरकारजमा झाली आणि ती परत घ्यायची तर आकाराच्या तिप्पट रक्कम ठरल्या मुदतीत भरायची. रक्कम मोठी नव्हती. पण ज्याच्या घरात नाणं वाजत नाही त्याला तीही डोंगराएवढी. आणि कायदा झालाय, पैसे भरायचेत, हे कळणार कुठनं? चावडीवरनं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, तुरुंग भरले, ते उगाच नाही.

उलट एक उदाहरण देतो. १९७२ चा दुष्काळ. माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. ती सांगायची, हात सोलून निघाले, पण मस्टरवर नाव माझं होतं, तुझ्या आज्याचं नाही, पाटलाच्या वाड्याचं नाही. रोजगार हमी तेव्हाच सुरू झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. मुकादमानं त्यातही खाल्लं, मजुरी थकली, हे सगळं खरं. पण सरकार गावाला वळसा घालून थेट माणसाशी बोललं, त्या दिवशी आमच्या म्हातारीची मान सरळ झाली. दुष्काळानं शेतकरी रडला. आमची म्हातारी त्याच दुष्काळात पहिल्यांदा कुणाच्या बांधावर न वाकता पगार घेऊन आली. दोन्ही खरं आहे. इतिहासात मात्र एकच लिहितात.

आता १९७८ घ्या. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. विद्यापीठ शहरात, ठराव मुंबईत. आणि जळलं काय? खेड्यातली झोपडी! ज्यांनी विद्यापीठाची पायरी पाहिली नव्हती त्यांची भांडीकुंडी जळली, विहिरी नासवल्या, लोक रानोमाळ झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. खेड्यांच्या राज्यात असंच होतं. शहरातल्या मागणीची किंमत खेड्यातला माणूस मोजतो, कारण तो हाताशी असतो आणि एकटा सापडतो. नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार.

कुणी म्हणेल, मग खेडं सोडा. बाबासाहेबांनीच शहराकडं चला म्हटलं. खरंय, आपले लोक मुंबईला गेले, गिरण्यांत शिरले. पण विणकाम खात्यात त्यांना घेत नव्हते. धोट्यात धागा ओवायला तो तोंडानं ओढावा लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा दुसऱ्यानं कसा तोंडाला लावायचा? बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लाल बावटेवाल्यांपुढं रोखठोक ठेवला. गाव गाडीत बसून गिरणीत आलं होतं. १९८२ चा संप मोडला तेव्हा माझ्या आज्यासारखे हजारो परत गावी आले. आले ते गावात नव्हे, वाड्यात. बॉम्बेवाला म्हणून दोन दिवस राम राम झाला. तिसऱ्या दिवशी जात विचारायची गरजच नव्हती.

मी स्वतः सूतगिरणीत रातपाळी करतो. गिरणी शिवारात, कामगार आसपासच्या गावांतले. साच्यावर सगळे खांद्याला खांदा लावून. डबा सोडायची वेळ झाली की वेगवेगळे घोळके. कुणी सांगत नाही, कुणी हाकलत नाही. पाय आपोआप वळतात. हे पाय कुणी शिकवले?

२०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं जातीची नावं असलेल्या वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय केला. महारवाड्याचं भीमनगर झालं, समतानगर झालं. पाटी बदलली ते बरंच झालं. पण पाटीमागची गटारं, पाण्याची पाळी, स्मशानाची वाट?

म्हणून दोस्तहो, भाषणं पुष्कळ झाली. एवढं काम करा. जयंतीच्या वर्गणीची वही घेऊन हिंडतो तशीच दुसरी वही करा. आपल्या गावचे जुने सातबारे आणि फेरफार काढा. इनाम वर्ग सहा ब कुठं लिहिलंय, ती जमीन कुणाची होती, आज कोण कसतंय, ते गट नंबरासकट उतरवा. स्मशानभूमी कुणाला कुठली, ग्रामसभा भरते तेव्हा वाड्याला दवंडी येते का, ते लिहा. म्हातारी माणसं जाताहेत, त्यांना आधी विचारा. नावानिशी लिहा. घटनेनं धरलेला तो एकटा माणूस गावाच्या दप्तरात सापडत नाही. तो आपल्या वहीत तरी सापडला पाहिजे.

जय भीम.